साठचे आठ होतात तेव्हा

"साठ पेट्या पाठवा," असं एका टेबलावरून फोनवर सांगितलं जातं आणि पलीकडच्या वहीत आठ लिहिलं जातं. बोलणाऱ्याची जीभ अडखळलेली नसते, ऐकणाऱ्याचे कानही शाबूत असतात. मधल्या मधे फक्त ‘स’ गळालेला असतो. मराठीत हा ‘स’ फार अडचणीच्या जागी बसलाय. तो गेला की साठचे आठ होतात, सातचं आत होतं, आणि उरलेलं वाक्य तरीही धडधाकट वाटतं. त्यामुळे "काय म्हणालात?" असं विचारायची कुणाला गरजही भासत नाही.

आयपी फोनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलवर चालणाऱ्या फोनवर, आवाज अखंड धारेनं जात नाही. २० मिलिसेकंदांचा तुकडा कापायचा, त्याचं पॅकेट बांधायचं आणि धाडून द्यायचं, अशी सेकंदाला ५० पॅकेटं. ऑफिसांत सर्रास चालणाऱ्या जी.७११ पद्धतीत प्रत्येक पॅकेटात आवाजाचे १६० बाइट असतात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ साधारण १०० मिलिसेकंदांचा धरला, तर तो पाच पॅकेटांत मावतो. त्यातलं एखादं वाटेत हरवलं तर फोन आधीच्या आवाजावरून ठिगळ लावतो, कुणाला कळतही नाही. सलग पाच गेली की ठिगळाला कापडच उरत नाही. दहा मिनिटांच्या एका कॉलमध्ये एका दिशेनं ३०,००० पॅकेटं जातात. शंभरात एक गळतं म्हटलं तर ऐकायला किरकोळ वाटतं, पण ती ३०० भोकं झाली, आणि ती सारख्या अंतरावर न पडता घोळक्यानं पडतात.

त्याच केबलवर, त्याच फोनच्या पाठीमागून जोडलेला कॉम्प्युटर मात्र मजेत चालू असतो. हरवलेलं पॅकेट तो पुन्हा मागवून घेतो. पान उघडायला अर्धा सेकंद जास्त लागला तर माणूस ‘आज नेट जरा स्लो आहे’ म्हणतो आणि चहा प्यायला जातो. फोनला ही सवलत नाही. गेलेला ‘स’ दोन सेकंदांनी परत आणून करायचं काय? म्हणून भिंतीतल्या केबलची चुगली सगळ्यात आधी फोन करतो, आणि चुगली करणाऱ्यालाच फटके पडावेत तसं होतं: आधी फोन बदलला जातो, मग इंटरनेटवाल्याला शिव्या बसतात, मग सर्व्हर रीस्टार्ट होतो. केबलची पाळी सगळ्यात शेवटी येते, कारण ती दिसत नाही.

जुन्या अ‍ॅनालॉग फोनचं बरं होतं, तो बिघाड बोलून दाखवायचा. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल आली की खरखर, शेजारच्या जोडीला तार टेकली की क्रॉस कनेक्शन, तार तुटली की लाइन डेड. डिजिटल फोनवर केबलमुळे खरखर होतच नाही. पॅकेट एकतर जसंच्या तसं पोचतं, नाहीतर फेकून दिलं जातं. आवाज कापतो, तुटक येतो, माणूस विहिरीतून किंवा यंत्रातून बोलल्यासारखा वाटतो, ही लक्षणं केबलची असू शकतात. खरोखरची खरखर किंवा गुणगुण ऐकू येत असेल तर आधी रिसीव्हरची गुंडाळीची वायर हलवून बघावी. तिच्या दोन्ही टोकांना चार पिनांचा छोटा कनेक्टर असतो, आणि वर्षानुवर्षं पीळ खाऊन ती बरोबर तिथेच, कनेक्टरच्या तोंडाशी, तुटते. या एका वायरपायी कित्येक फॉल्स सिलिंगं विनाकारण उघडली जातात.

तक्रार घेताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो: तुटक कुणाला ऐकू येतं? आपल्याला पलीकडचा तुटक ऐकू येतो, की पलीकडच्याला आपण? पलीकडच्याला आपण तुटक ऐकू येत असू, तर नुकसान फोनकडून स्विचकडे (ऑफिसातल्या सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या डब्याकडे) जाताना होत असण्याची शक्यता जास्त, आणि ते स्विचच्या त्या पोर्टवर सीआरसी एररच्या, म्हणजे खराब होऊन आलेल्या पॅकेटांच्या, आकड्यात दिसेल. स्विच फक्त स्वतःकडे आलेल्या माराची नोंद ठेवतो. त्यानं पाठवलेलं वाटेत खराब झालं तर त्याला पत्ताच नसतो. त्यामुळे आपल्यालाच तुटक ऐकू येत असेल आणि स्विचवर सगळे आकडे शून्य असतील तर ‘स्विच ठीक म्हणतोय’ एवढ्यावर केबल निर्दोष सोडू नये. फोनच्या मेन्यूत किंवा त्याच्या वेबपानावर हरवलेल्या पॅकेटांचा आकडा असतो, तो बघावा. १०० एमबीपीएसच्या फोनमध्ये पाठवायची तारांची जोडी वेगळी, घ्यायची वेगळी, म्हणून एकाच दिशेचं रडगाणं असेल तर बहुतेक वेळा एकच जोडी आजारी असते. गिगाबिटमध्ये (१००० एमबीपीएस) केबलमधल्या चारही जोड्या दोन्ही दिशांनी राबतात, तिथे हा ठोकताळा चालत नाही.

दुसरी खूण म्हणजे फोन चालू होताना कुठे अडतो. केबल लावल्यावर आधी तिच्यातूनच वीज येते, मग लिंक लागते, मग फोन आपला व्हीलॅन (नेटवर्कमधला फोनसाठीचा वेगळा कप्पा) शोधतो, आयपी पत्ता घेतो, सर्व्हरकडून सेटिंग उतरवून घेतो आणि शेवटी एक्स्टेंशन रजिस्टर होतं. स्क्रीन काळीठिक्कर असेल तर पहिल्याच पायरीवर घोळ. स्क्रीन लागली पण नेटवर्क नाही म्हणत असेल तर वीज वाहणाऱ्या तारा जुळलेल्या आहेत, डेटाचं गणित चुकलंय. पत्ता मिळाला आणि रजिस्टर होत नाही, तर केबलला हात लावू नये, तो प्रश्न सर्व्हर, पासवर्ड किंवा फायरवॉलचा आहे. दिवसातून दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होणारा फोन मात्र जवळपास हमखास लूज कॉन्टॅक्टचा असतो. वीज क्षणभर तुटली तरी हा सगळा प्रवास पहिल्यापासून, म्हणजे मिनिट-दोन मिनिटं फोन बंद. चालू कॉल गेलाच.

शोधाची सुरुवात टेबलाखालून करावी. स्विच ठेवलेल्या रॅकरूमपासून सुरू करण्यात रुबाब असतो, पण बिघाड बहुतेकदा पॅच कॉर्डमध्ये, म्हणजे फोन आणि सॉकेट जोडणाऱ्या सुट्या वायरीत, निघतो. खुर्चीच्या चाकाखाली रोज चिरडली जाणारी, लादी पुसताना ओढली जाणारी, टेबल सरकवताना ताणली जाणारी ही दीड-दोन मीटरची वायर. तिच्या कनेक्टरची प्लॅस्टिकची जीभ तुटली की कनेक्टर सॉकेटात बसल्यासारखा दिसतो, पण अर्धा मिलिमीटर मागे आलेला असतो. फोन जवळ ओढला की बंद, मागे ढकलला की चालू. ही जीभ तुटलेली कॉर्ड टाकून द्यावी, तिच्यात कागदाची घडी खुपसून ‘बसवू’ नये. शिवाय अशी कॉर्ड नेमकी कुणीतरी ‘चांगली आहे’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या टेबलावर तीच तक्रार जन्माला येते. तिथल्या तिथे कटरनं दोन तुकडे करणं हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय.

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नक्की चालणारी कॉर्ड टेबलाकडे लावून बघायची. नाही सुटलं तर शेजारच्या टेबलावरचा चालता फोन तिथे आणून लावायचा. मग रॅककडची पॅच कॉर्ड, मग स्विचचा पोर्ट. कॉर्ड, फोन आणि पोर्ट एका दमात बदलले तर फोन चालू होईल, पण दोषी कोण ते कळणार नाही, आणि दोषी वस्तू पुन्हा वापरात जाईल. एवढं करूनही दुखणं त्याच टेबलाला चिकटून राहिलं तर मग भिंतीतली केबल, म्हणजे पॅच पॅनेलपासून (रॅकमधल्या सॉकेटांच्या पट्टीपासून) टेबलाच्या बॉक्सपर्यंतचा कायमचा भाग.

इथे माणसं एका गोष्टीला हमखास फसतात. "लॅपटॉप लावून बघितला, नेट चालतंय, म्हणजे केबल ठीक आहे." केबलमध्ये चार पिळलेल्या जोड्या, आठ तारा. १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ या पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. फोनची वीज दोन वाटांनी येऊ शकते: डेटाच्याच १-२ आणि ३-६ या जोड्यांवरून, किंवा ४-५ आणि ७-८ वरून. बहुतेक स्विच पहिली वाट धरतात, मधे केबलमध्ये वीज सोडायला वेगळा बसवलेला इंजेक्टर बरेचदा दुसरी. आता ४-५ वरची निळी जोडी तुटली असेल आणि वीज इंजेक्टरकडून येत असेल, तर लॅपटॉप १०० वर सुखानं चालेल आणि फोन काळा राहील. किंवा उलट: दहा वर्षं जुना १०० एमबीपीएसचा फोन त्याच तुटक्या निळ्या जोडीवर निर्धास्त चालत होता, त्याच्या जागी नवा गिगाबिट फोन आला आणि लिंक चालू-बंद होऊ लागली. नवा फोन खराब म्हणून परत जातो. दुकानात तपासला तर ठणठणीत.

ही निळी जोडी बरोबर मधे, ४ आणि ५ वर का, याचं उत्तर फोनच्याच इतिहासात आहे. टेलिफोनची एक जोडी आपल्या छोट्या प्लगच्या मधल्या दोन पिनांवर येते, आणि तो प्लग आठ पिनांच्या सॉकेटात घातला की त्या पिना ४ आणि ५ वर टेकतात. त्यामुळे केबल टाकताना कंत्राटदारांनी काटकसरीचा एक मार्ग काढला होता: एकच केबल ओढायची, १-२-३-६ वर कॉम्प्युटर आणि निळ्या जोडीवर ईपीएबीएक्सचं (ऑफिसच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं) एक्स्टेंशन. दोन पॉइंटांचे पैसे, एकाची केबल. सॉकेटाच्या झाकणाच्या, म्हणजे फेस प्लेटच्या, मागे हे लग्न लागलेलं असतं आणि बाहेरून दोन स्वतंत्र सॉकेटं दिसतात. ईपीएबीएक्स काढून आयपी फोन आणले की हे उघडकीला येतं. म्हणून जुन्या ऑफिसात नवा फोन लावण्याआधी फेस प्लेटचे दोन स्क्रू काढून मागे डोकवावं. चार जोड्या एकाच जॅकमध्ये जातायत की दोन वाटा झाल्यायत, ते तिथेच दिसतं. वाटा झाल्या असतील तर दोन्ही टोकांना आठही तारा एकाच जॅकवर पुन्हा पंच करणं (खाचेत दाबून बसवणं) याला पर्याय नाही. ईपीएबीएक्सची बाजू आधी सोडवा, कारण त्या जोडीवर रिंग येते तेव्हा ७५ ते ९० व्होल्टचा एसी दाब असतो. तो नेटवर्क पोर्टला सोसणारा नव्हे.

आणि तो छोटा प्लग मोठ्या सॉकेटात घालणं निरुपद्रवी नसतं. प्लगच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक पिन १ आणि ८ च्या स्प्रिंगना पिनांपेक्षा जास्त खाली दाबतं. वर्षभर असा दाबून राहिलेला स्प्रिंग पुन्हा पूर्ण वर येत नाही. टॉर्च मारून बघितलं की आठ सोनेरी तारांमधल्या कडेच्या दोन थोड्या आत बसलेल्या दिसतात. पिन १ वर डेटाची जोडी आहे, म्हणून लिंक कधी लागते, कधी नाही. जॅक बदलायचा, पिना टाचणीनं उचकटून वर आणायच्या नाहीत.

सगळ्यात फसवा बिघाड मात्र वेगळाच आहे, आणि त्याच्यासाठी थोडं थांबायला हवं. कनेक्टर उजेडात धरा, जीभ खाली आणि तारांची टोकं आपल्यापासून पलीकडे, डावीकडून मोजा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या टी५६८बी क्रमात असं दिसायला हवं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी फाकलेली आहे, तिच्या दोन तारांच्या मधे निळी बसलीय. ज्याला हे ठाऊक नाही तो हात साहजिकच जोड्या शेजारीशेजारी लावतो: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, नीटनेटक्या. दुसऱ्या टोकालाही तसंच. मग लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळणारा लुकलुकत्या दिव्यांचा टेस्टर लावला की एक ते आठ दिवे दोन्हीकडे क्रमानं लागतात. पास! तार तुटलेली नाही, अदलाबदल नाही. पण आता पिन ३ वर पांढरी-हिरवी आणि पिन ६ वर निळी आहे. डेटाची एक अख्खी जोडी दोन वेगवेगळ्या पिळांमधल्या तारांची बनलीय.

पीळ शोभेसाठी दिलेला नसतो. एका जोडीच्या दोन्ही तारांवर बाहेरचा विजेचा गोंगाट सारखाच चढतो आणि उपकरण दोघींतला फरकच वाचतं, म्हणून तो गोंगाट वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केली, तीही टेलिफोनसाठीच. केबलमधल्या चारही जोड्यांचे पीळ मुद्दाम वेगवेगळ्या अंतरांचे ठेवतात, नाहीतर शेजारच्या जोड्या एकमेकींचं बोलणं उचलतील. चुकीच्या जोडीनं बनवलेल्या तारांना यातलं काहीच संरक्षण उरत नाही. पाच मीटरवर चालून जातं, ५० मीटरवर एरर सुरू होतात, शेजारून एसीची वायर गेली तर फोनवर बोलणं अशक्य. दिव्यांच्या टेस्टरला हे कधीही दिसणार नाही, कारण तो फक्त तार कुठून कुठे जाते ते बघतो, कुणाबरोबर पिळलीय ते बघत नाही. अशी फुटलेली जोडी, म्हणजे स्प्लिट पेअर, ओळखणारा टेस्टर वेगळा मिळतो. नसेल तर आपले डोळे आहेतच: पिन ३ आणि ६ वर एकाच रंगाची जोडी आहे ना, एवढं बघायला दहा सेकंद लागतात. टी५६८ए क्रमात तिथे नारिंगी जोडी असते, एवढाच फरक. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी असेल तर आजची उपकरणं आपलं आपण जुळवून घेतात, त्यानं फोन बंद पडत नाही.

भिंतीतली केबल मधेच क्वचित बिघडते. बिघाड टोकांना असतो, जिथे कुणीतरी हातानं काम केलंय. जॅकच्या किंवा पॅनेलच्या खाचेत दोन पातळ पाती असतात. तार जोरात आत गेली की त्या आवरण कापून तांब्याला दोन्हीकडून घट्ट धरतात. हे काम पंचिंग टूलनं, एका ‘खट्’ आवाजात व्हायला हवं. घाईत स्क्रूड्रायव्हरनं दाबलं तर पाती फाकतात, तार आज चिकटते आणि चार महिन्यांनी सुटते. टूलची कापणारी बाजू बाहेर, तारेच्या उरलेल्या टोकाकडे हवी. उलटी धरली तर टूल नेमकी आतली, कामाची तार कापतं, आणि कापलेली तार आवरणाच्या आधारानं जागेवरच उभी राहते, वरून काही दिसत नाही. क्रोन आणि ११० या खाचांच्या दोन पद्धती, दोन्हींसाठी टूलचं पातं वेगळं, एकाचं दुसऱ्यावर वापरू नये. पीळ शक्यतो खाचेपर्यंत राखावा, सोडवलेला भाग १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दुरुस्त करताना तीच तार त्याच जागी पुन्हा दाबून उपयोग नसतो, दोन-तीन सेंटिमीटर कापून ताज्या तारेवर नव्यानं पंच करावं. यासाठीच बॉक्समध्ये वीतभर केबल जादा सोडायची असते. ती सोडलेली नसते, ही वेगळी तक्रार.

काही जण भिंतीतल्या केबलला थेट कनेक्टर क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून बसवून, फोनमध्ये घालतात. भिंतीतली तार एकसंध तांब्याची, पॅच कॉर्डमधली बारीक धाग्यांची. दोन्हींसाठी कनेक्टरच्या आतले दात वेगळे असतात: धाग्यांत घुसणारे आणि एकसंध तारेला दोन्हीकडून कवेत घेणारे. चुकीचे दात असले तर क्रिंप पहिल्या दिवशी पास होतो, आणि वायर चार वेळा वाकली की दगा देतो. शिवाय बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, पकडीखाली गेलं नसेल तर सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो.

जुलै-ऑगस्टमध्ये एक निराळी तक्रार येते: उन्हाळ्यात चालणारा फोन पावसात उठतच नाही, दुपारी ऊन पडलं की उठतो. यामागचं कारण मजेदार आहे. स्विच कुठल्याही यंत्राला एकदम ४८ व्होल्ट देत नाही. आधी १० व्होल्टच्या आतला हलका दाब देऊन पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते चाचपतो. साधारण १९ ते २६.५ किलोओहमच्या आत उत्तर आलं तरच वीज सोडतो. तळमजल्यावरच्या बॉक्समध्ये, लादीखालच्या पाइपात ओल शिरली आणि तारांमध्ये ३० किलोओहमची गळती झाली, तर दोन्ही मिळून साडेतेरा किलोओहमच भरतात. स्विच म्हणतो, हा फोन नव्हे. फोन ठणठणीत, तारा जोडलेल्या, टेस्टर पास, आणि वीज नाही. असा जॅक काढला तर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. कोकणपट्टीत खारी हवा त्यात भर घालते. जॅक बदलावा, केबलचं भिजलेलं टोक कोरडं तांबं लागेपर्यंत कापावं आणि बॉक्स लादीवरून भिंतीवर, फूटभर तरी वर घ्यावा. घासून पुसून लावलेला जॅक पुढच्या पावसापर्यंतच टिकतो.

स्वस्त केबलबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. ३०५ मीटरचा खोका बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळाला तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. खोका उचलल्यावर हलका लागतो, आणि तार ब्लेडनं खरवडली की आतून पांढरी निघते. नेटवर्क केबलच्या मानकांत ती बसतच नाही. मोजून बघायचं तर स्विचची वीज बंद करावी, एका टोकाला जोडीच्या दोन तारा एकत्र पिळाव्यात आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावावा. ५० मीटर अस्सल तांब्याच्या २४ गेज केबलला साडेआठ ओहमच्या आसपास येतात. तेरा-चौदा आले तर काय समजायचं ते समजावं. खरं सांगायचं तर सहा-सात वॉटच्या फोनला एवढ्या रोधानं वीज कमी पडत नाही. अडचण टोकांना येते: अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ असतं, दोनदा वाकवलं की मोडतं, हवेत त्यावर थर चढतो, आणि पंच केलेली पकड सैलावते. म्हणजे पुन्हा लूज कॉन्टॅक्ट.

केबल मधे कुठे तुटली हे शोधायला अख्खं सिलिंग उतरवायची गरज नाही. बऱ्याच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचमध्ये टीडीआर नावाची चाचणी असते. पोर्ट तारेत एक टोला सोडतो आणि तुटक्या जागेवरून परतणाऱ्या पडसादाचा वेळ मोजतो. केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या ६९ टक्के वेगानं, म्हणजे नॅनोसेकंदाला सुमारे २१ सेंटिमीटर जातो. पडसाद जाऊन-येऊन २६० नॅनोसेकंदांनी आला तर तूट २७ मीटरवर. चाचणीच्या वेळी लिंक तुटते, म्हणून समोरच्याला कॉल संपवायला सांगावं. केबलची एकूण लांबी कळण्यासाठी दोन्ही टोकांच्या आवरणावर छापलेले मीटरचे आकडे वाचावेत: इकडे २१२, तिकडे २६७, म्हणजे ५५ मीटर. टीडीआर ५३ सांगत असेल तर दोन-चार मीटरची चूक धरून बिघाड टेबलाच्याच बॉक्समध्ये आहे. २७ सांगत असेल तर अर्ध्या वाटेवर बघा, तिथे नव्यानं ठोकलेला पार्टिशनचा स्क्रू असेल, नाहीतर उंदीर. उंदरानं कुरतडलेल्या जागी जोड देऊन टेप गुंडाळण्यापेक्षा नवी केबल ओढलेली बरी, कारण तो त्याच वाटेनं परत येतो. ओढताना ११ किलोपेक्षा जास्त ताण नको आणि वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट हवी. पॅनेल ते बॉक्स ९० मीटरची मर्यादा आहे, दोन्हीकडच्या कॉर्ड धरून १००.

एरर ठरावीक वेळी येत असतील तर घड्याळ बघावं. सकाळी साडेनऊला एसी सुरू झाला की वाढतात, लिफ्ट हलली की उसळतात, असं असेल तर केबल विजेच्या वायरीबरोबर एकाच केसिंगमधून धावतेय. तिला वेगळी पट्टी द्यावी, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

आणि काही दुखणी केबलची वाटतात पण नसतात. स्विचचा पोर्ट कुणीतरी १०० फुल डुप्लेक्सवर (पाठवणं-घेणं एकाच वेळी) बांधून ठेवलाय आणि फोन आपोआप ठरवू पाहतोय, तर फोन हाफवर (आळीपाळीनं) पडतो आणि आवाज कापतो. दोन्हीकडे ऑटो ठेवावं. शेवटचे तीन-चार फोनच अंधारात असतील तर स्विचचं वीजबजेट संपलंय: २४ पोर्टना प्रत्येकी १५.४ वॉट द्यायचे तर ३७० वॉट लागतात, आणि बरेच २४ पोर्टचे स्विच त्याच्या निम्मेच देतात. फोनला मागे दोन पोर्ट असतात. साफसफाईनंतर दोन्ही वायरी भिंतीतच खुपसल्या गेल्या तर वर्तुळ तयार होतं आणि लूप अडवणारी सेटिंग नसेल तर अख्ख्या मजल्याचं नेटवर्क बसतं. एका फोनची तक्रार आणि सगळ्या मजल्याची तक्रार एकाच मिनिटाला आली, तर टेस्टर खाली ठेवून टेबलाखाली वाकावं.

दुरुस्ती झाली की डायल टोन ऐकून निघू नये. पोर्टवरचे एररचे आकडे शून्य करावेत, लिंक १०० लागलीय की १००० ते बघावं, चालू कॉलमध्ये दोन्हीकडची कॉर्ड हळूच हलवावी. दहा मिनिटांचा कॉल लावावा आणि पलीकडच्याला आकडे लिहून घ्यायला सांगावं: साठ, आठ, सात, सत्तर, सव्वासहा. मग त्याची वही वाचून घ्यावी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, एसी जोरात चालू असताना, त्या पोर्टचा आकडा पुन्हा एकदा बघावा.